पुण्यतिथी विशेष : अंगावरच्या कापडाचा पत्ता शोधणारे सार्वजनिक काका

लोणावळा : मावळात आता गावोगाव शिवणयंत्र घरघरतं. वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा, कुठंही जा, कोर्स करून घरी बसलेल्या मुली आणि बचत गटातल्या बायका शिवणाचं काम करताना दिसतात. कुणी फॉल-पिको आणि ब्लाऊज करतं, तर कुणी स्वतःच्या डोक्यातून ड्रेस काढतं, शिवतं आणि मोबाईलवर फोटो टाकून विकतं. हात चांगला आहे, कल्पनाही आहेत. पण अडचण विचारली की उत्तर ठरलेलं असतं : कापड कुठून आणायचं?

बाजारातला तागा घेतला तर तोच रंग, तीच छपाई शेजारच्या दुकानात टांगलेली असते. आपल्याला हवं तसं विणून घ्यावं म्हटलं तर विणकर कुठं बसतो हेच माहीत नसतं. आणि तो सापडला तरी आपल्या पाच-दहा मीटरसाठी माग लावेल का, हा पुढचा प्रश्न.

दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वकिलासमोर हाच प्रश्न उभा होता. आपल्या अंगावरचं कापड आपल्याच माणसानं विणलेलं असावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती पुरी करण्यासाठी त्याला स्वतः सूत कातावं लागलं आणि शेवटी दुकानंही काढावी लागली. त्या वकिलाचं नाव गणेश वासुदेव जोशी. लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणत. २५ जुलै हा त्यांचा स्मृतिदिन, त्यानिमित्त त्यांची ही गोष्ट.

साताऱ्याचा मुलगा, पुण्याचा वकील

काकांचा जन्म ९ एप्रिल १८२८ चा, साताऱ्याचा. पेशवाई बुडून तेव्हा दहाच वर्षं झाली होती. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती होते, पण कारभारावर नजर इंग्रजांची होती. तरुणपणी काका पुण्यात आले. आधी सरकारी नोकरी केली, पुढं वकिलीची परीक्षा देऊन वकील झाले. कोर्टात येणारा शेतकरी, कारागीर, कर्जात बुडालेला गरीब माणूस रोज त्यांच्या नजरेसमोर होता.

त्यांचं नाव गाजलं ते पर्वती संस्थानच्या कारभारावरून. देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या, पण त्या मांडणार कोण आणि कुणाच्या वतीनं? त्यातून २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली. या सभेची रीत त्या काळात नवीन होती. सुमारे सहा हजार लोकांनी सह्या करून आपले ९५ प्रतिनिधी नेमले आणि त्यांची ही सभा बनली. मतदान हा शब्दही गावात पोहोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. औंधचे राजे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी हे पहिले अध्यक्ष झाले, पण रोजची धावपळ काकांची. सभेचं काम हेच त्यांचं घरदार होऊन गेलं, म्हणून लोकांनी त्यांचं नावच सार्वजनिक काका करून टाकलं.

घरातही तेच वातावरण होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी बायकांसाठी स्त्रीविचारवती सभा सुरू केली. बायकांनी एकत्र बसून चार गोष्टी बोलाव्यात, हेच त्या काळी मोठं धाडस होतं.

आपल्या घाटातून चढलेलं कापड

काकांना कापडाचा प्रश्न का पडला, हे समजायला आपल्या बोरघाटाकडं पाहावं लागतं.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून वर यायचा. मग आली रेल्वे. जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. पण मधला घाट तेव्हा व्हायचा होता, त्यामुळं मुंबईकडून आलेले लोक खालीच उतरत आणि पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढून पुढची गाडी धरत. घाटातली लाईन १८६३ मध्ये पुरी झाली. मुंबईच्या बंदरात उतरलेली गाठोडी आता विनासायास पुण्यात आणि पुढं देशावर पोहोचू लागली.

त्या गाठोड्यांत सगळ्यात जास्त काय होतं? इंग्लंडच्या लँकेशायर भागातल्या गिरण्यांचं कापड आणि सूत. यंत्रावर निघालेलं, एकसारखं, स्वस्त. उलट दिशेनं आपला कापूस मुंबईला जाऊन जहाजात चढत होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं तसा भाव कोसळला आणि शेतकरी कर्जात अडकला.

या सगळ्याचा फटका साळी, कोष्टी, मोमीन, पद्मशाली अशा विणकरांच्या घरांना बसला. घरातल्या बायका सूत कातायच्या, पुरुष माग चालवायचे. गिरणीचं सूत आल्यावर आधी चरखा बंद पडला. मागवाला गिरणीचंच सूत आणून विणू लागला. पुढं गिऱ्हाईकच विलायती कापडाकडं वळलं, तेव्हा मागही अडचणीत आला. मावळात जे कापड अंगावर यायचं, त्याच्या मागचं माणूस आपल्या ओळखीचं राहिलं नाही.

नमुन्यांची अठरा पुस्तकं

आज कपडे डिझाईन करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट याच काळात घडली. लंडनमध्ये फोर्ब्स वॉटसन नावाचे एक अधिकारी होते. त्यांनी हिंदुस्थानातल्या कापडांचे नमुने गोळा करून १८६६ मध्ये त्यांची पुस्तकं बांधली. एका संचात अठरा पुस्तकं आणि त्यात सातशे नमुने. हे चित्र नव्हे, खऱ्या कापडाचे कापलेले तुकडे होते. धोतर, लुगडं, पागोटं, काठ, पदर, सगळं त्यात होतं. असे वीस संच तयार झाले. त्यातले तेरा इंग्लंडकडं राहिले आणि सात हिंदुस्थानात आले.

हेतू उघड होता. इथल्या माणसाला कोणता काठ आवडतो, लुगड्याची लांबी किती लागते, पागोट्याचं कापड किती पातळ असतं, हे तिकडच्या गिरणीवाल्याला घरबसल्या कळावं आणि त्यानं तसाच माल बनवून इथं विकावा. म्हणजे आपल्या विणकरानं पिढ्यान् पिढ्या बसवलेला नमुना त्याला एक पैसाही न देता परदेशी गेला आणि स्वस्त होऊन त्याच्याच दारात विकायला आला.

आपल्या ड्रेसचा फोटो दुसऱ्यानं उचलून तसाच माल विकल्यावर जी चिडचिड होते, तिचं हे दीडशे वर्षांपूर्वीचं रूप. फरक एवढाच की तेव्हा एका ड्रेसचा सवाल नव्हता, हजारो घरांच्या चुलीचा होता.

१२ जानेवारी १८७२

१८७१ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे पुण्यात आले आणि सार्वजनिक सभेला मोठा आधार मिळाला. देशातला पैसा बाहेर कसा जातो, धंदे का बुडतात, यावर रानडे व्याख्यानं देऊ लागले. ऐकायला गर्दी व्हायची. पण व्याख्यान संपलं की माणसं विलायती धोतर सावरत घरी जायची. काकांना ते पटेना. आधी स्वतःच्या अंगावरून सुरुवात करायची, असं त्यांनी ठरवलं.

१२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी शपथ घेतली की यापुढं देशी कापडच वापरीन. ती त्यांनी मरेपर्यंत पाळली. तेव्हा महात्मा गांधी अवघे दोन-सव्वादोन वर्षांचे होते. खादी हा शब्द चळवळीचा व्हायला अजून जवळपास पन्नास वर्षं बाकी होती.

शपथ घेणं सोपं, पण बाजारात जाऊन शंभर टक्के देशी कापड आणायचं म्हटलं की पंचाईत. माग देशी असला तरी त्यावरचं सूत विलायती असण्याची शक्यता. म्हणून काका सुतापासून लागले. रोज स्वतः सूत कातायचं आणि त्या सुताचं कापड अंगावर घालायचं, असा त्यांचा नेम होता.

हे काम किती किचकट असतं ते ज्यांच्या आजीनं चरखा पाहिलाय त्यांना ठाऊक असेल. आधी सरकी काढायची, कापूस पिंजायचा, त्याचे पेळू करायचे, मग कातायचं. सूत कच्चं निघालं तर मागावर तुटतं, म्हणून विणकर त्याला खळ लावून बळकट करतो. उभे धागे ताणून घेतो तो ताणा, आडवा धागा टाकतो तो बाणा. एका धोतरासाठी कित्येक दिवसांचं कातलेलं सूत लागतं. असं कापड जाडंभरडं व्हायचं आणि गिरणीच्या मलमलीपुढं गावंढळ दिसायचं. कोर्टात, सभेत, बड्या लोकांत एक नावाजलेला वकील असल्या कपड्यात वावरतो, हे अनेकांना हसण्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. काकांनी कपडे बदलले नाहीत.

एकट्यानं घालून भागेना, म्हणून दुकान

काकांच्या आयुष्यातला आपल्या कामाचा भाग इथून पुढं आहे. एका माणसानं खादी घातली म्हणून एकाही विणकराचं घर चालत नाही. विणकराला दर महिन्याला मागणी लागते, विकलेल्या मालाचे पैसे वेळेवर लागतात. आणि ज्याला देशी माल घ्यायचा आहे त्याला तो एका जागी मिळावा लागतो. बनवणारा एका गावात आणि घेणारा दुसऱ्या गावात. दोघांची गाठ घालून देणारा कुणी नसेल तर दोघंही उपाशीच.

ही गाठ घालण्यासाठी काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळ उभं केलं. नाव जड आहे, काम सोपं होतं : देशी माल बनवणाऱ्याला उत्तेजन द्यायचं आणि तो विकायची सोय करायची. कापडाबरोबर शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वस्तूही त्यात आल्या. विक्रीसाठी पुणे, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत अशा ठिकाणी दुकानं निघाली आणि ती सहकारी तत्त्वावर, म्हणजे दहाजणांनी भांडवल घालून चालवायची होती. सहकाराचा कायदा देशात १९०४ मध्ये आला. काकांनी त्याच्या तीसेक वर्षं आधी ही वाट धरली.

ती दुकानं आज राहिलेली नाहीत. समोर लँकेशायरचा स्वस्त माल होता आणि सरकारही त्याच्याच बाजूचं. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७९ मध्ये जाड्या विलायती कापडावरची जकात उठवली. काका गेल्यावर दोन वर्षांनी, १८८२ मध्ये, उरलेल्या कापडावरचीही जकात गेली. अशा बाजारात हातमागाच्या मालानं नुसत्या भावनेवर तग धरावा, ही अपेक्षाच चुकीची होती. पण बनवणारा आणि घेणारा यांच्यामध्ये आपलं माणूस हवं, हे काकांनी दुकान काढून दाखवून दिलं.

दिल्ली दरबारात पांढरी खादी

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्याचा तो सोहळा होता. देशभरातले राजे-महाराजे जरीचे पोशाख, हिरे-मोती, हत्ती-घोडे घेऊन आले होते. सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काकाही गेले. अंगावर पांढरी, साधी, हातची खादी.

त्या झगमगाटात तो पांढरा पोशाख नजरेत भरल्याशिवाय राहिला नसेल. काकांनी तिथं आरडाओरडा केला नाही, दरबारावर बहिष्कारही टाकला नाही. आपल्या माणसांचं म्हणणं घेऊन ते गेले आणि आपल्या कपड्यांतच गेले.

बाहेर मात्र दख्खनमध्ये त्या वेळी दुष्काळ होता. १८७६ ते १८७८ या काळातला हा दुष्काळ मोठा भयंकर. पुणे, सोलापूर, सातारा, नगर भागातली माणसं गाव सोडून जात होती. सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढं मांडली. दुष्काळात आधी विणकर मरतो, कारण पोटाला नाही तिथं लुगडं कोण विकत घेणार? काकांचा कापडाचा हट्ट आणि दुष्काळाचं काम ही दोन वेगळी कामं नव्हती.

शेतकऱ्यांची कोर्टकचेरीत होणारी लूट थांबावी म्हणून काकांनी लवाद कोर्टाचाही पाठपुरावा केला. गावातलं भांडण दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या पंचांनी मिटवावं, वकिलांच्या फीमध्ये शेत घालवू नये. स्वतः वकील असलेल्या माणसानं हे करावं, यातच त्यांचं मोठेपण दिसतं.

फडक्यांचं वकीलपत्र

वासुदेव बळवंत फडके हेही पुण्यात रानड्यांची व्याख्यानं ऐकत होते. त्यांनी वेगळी वाट धरली आणि रामोशी बांधवांना घेऊन बंड पुकारलं. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि पुण्यात खटला उभा राहिला. सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्या माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणं. काका उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला नेण्यात आलं, तिथंच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला.

काकांनाही पुढं फार आयुष्य मिळालं नाही. खटल्याला वर्ष व्हायच्या आत, २५ जुलै १८८० रोजी ते गेले. वय अवघं ५२.

काकांनंतर मावळात

काकांनी लावलेलं रोप मावळातही उगवलं. तळेगावची काच कारखान्याची गोष्ट जुन्या लोकांना माहीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्यात काचेचा कारखाना निघाला. काकांच्या दुकानांसारखाच, लोकांच्या पैशावर.

दुसरी गोष्ट लोणावळ्याची. वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांचं पाणी खोपोलीला सोडून टाटांनी वीज तयार केली आणि १९१५ पासून ती मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे ज्या बोरघाटातून विलायती कापड वर आलं, त्याच घाटातून मावळचं पाणी खाली उतरून देशातल्या गिरण्या चालवू लागलं. पण त्यासाठी जमिनी गेल्या त्या मावळातल्या शेतकऱ्यांच्याच, हेही विसरता येत नाही.

पुढं गांधीजींनी खादी हाती घेतली तेव्हा त्यांनाही आधी शोधच करावा लागला. आश्रमात चरखा नव्हता, शिकवणारं कुणी नव्हतं. गंगाबेन मजमुदार यांनी गावोगाव हिंडून बडोदा संस्थानातल्या विजापूरला चरखा शोधून काढला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी काकांसमोर होती तीच अडचण.

आपण काय घ्यायचं?

काकांच्या मानानं आपलं काम सोपं आहे. सूत कातायची गरज नाही आणि माग कुठं आहेत हे ठाऊक आहे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, आज ते गाव यंत्रमागाच्या नावानं ओळखलं जातं. मालेगाव, भिवंडीही तशीच. सोलापूर चादर आणि टॉवेलसाठी प्रसिद्ध, येवला आणि पैठण पैठणीसाठी, नागपूर-विदर्भाकडं करवत काठी. सोलापूरची चादर आणि पैठणी यांना जीआय मानांकनही आहे, म्हणजे ते नाव दुसरीकडच्या मालाला लावता येत नाही.

अडचण राहते ती कमी मालाची. यंत्रमागवाला शेकडो मीटरची ऑर्डर मागतो, कारण ताणा चढवायला वेळ आणि मजुरी लागते. एक एक धागा ओवायचा असतो, तो पाच मीटरसाठी कोण ओवेल? हातमागावर थोडी मोकळीक असते. ताणा एकच ठेवून बाण्याचा रंग बदलला की त्याच मागावर दोन-तीन वेगळी कापडं निघतात. गावातल्या चौघींनी मिळून एक ताणा घेतला तर प्रत्येकीला आपला रंग मिळतो आणि विणकराचंही काम पुरतं. काकांच्या सहकारी दुकानाचा हिशोब याहून वेगळा नव्हता.

पहिल्यांदा जाताना मोठी ऑर्डर देऊ नका. दोन-तीन मीटर आणा, धुवा, उन्हात वाळवा. किती आटतं, रंग सोडतो का, शिवणीला धागा सरकतो का ते पाहा. हातमागाचं म्हणून कुणी विकत असेल तर हँडलूम मार्क आहे का ते विचारा. पसंत पडलं तर पुढच्या वेळी त्याच विणकराकडं जा, भावात घासाघीस करताना त्याची मजुरी सोडून बोला आणि पैसे ठरल्या दिवशी द्या. आणि ड्रेस विकताना हे कापड कुठल्या गावात विणलं, ते गिऱ्हाईकाला सांगा. फोर्ब्स वॉटसनच्या पुस्तकात कापडाचे तुकडे जपून ठेवले गेले, पण ते नमुने विणणाऱ्यांना त्यातून काहीच मिळालं नाही. आपल्याकडून तसं होऊ नये.

काकांच्या अंगावरची खादी जाडीभरडी होती, पण तिच्यातलं सूत कुणी कातलं हे त्यांना ठाऊक होतं. उद्या शिवणयंत्रावर बसताना समोरचा तागा एकदा उलटून पाहा आणि तो कुठून आला ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर शोध तिथूनच सुरू करा.